संयोगिता शिर्के, वेटिंग सात

नाही, पण मला एक सांगा, माणूस गेल्यावर त्याचा नंबर लागला, तर तो नंबर कुणाचा? साधा प्रश्न आहे! मी कॉलेजच्या खिडकीवर विचारला, घाटावर भटजींना विचारला, अकोट्याच्या आत्याला विचारला, आमच्या हार्दिकला विचारला. हा हार्दिक फॉर्म भरायचं दुकान चालवतो, दिवसाला पन्नास जणांना कॉलेजात ढकलतो, त्याला तरी माहीत असावं की नाही? तो म्हणाला, "भाई, एवो ऑप्शनज नथी." ऑप्शनच नाही! आणि बाकीच्यांचं एकच... "राह जुओ." वाट बघा. आमच्या बडोद्यात तुम्ही कुठल्याही खिडकीत डोकं घाला, आतून तेच येतं, राह जुओ! अहो पण कशाची?

थांबा, पहिल्यापासून सांगतो. डोकं बघताय ना माझं? फॅशन नाही ती. हे आत्ता एवढे तरी आलेत केस, त्या दिवशी तर नुसतं अंडं होतं. मी शौर्य. शौर्य मल्हारराव शिर्के, नागरवाडा. नाव ऐकून लोक उभे राहतात आणि मला बघून परत बसतात. पणजोबा सरकारी फौजेत घोड्यावर, बाबा बँकेच्या दारात खुर्चीवर, आणि मी टेम्पोत, पाण्याचे जग टाकतो, सकाळी अकोटा, दुपारी वासणा. शिक्षण? नववी. अर्धी. नववीपर्यंत तरी गेलो ते कुणामुळे, तर तायडीमुळे. माझी मोठी बहीण, संयोगिता, तीन वर्षांनी मोठी. मी शाळेला दांडी मारून नदीवर मगरी बघायला जायचो, आणि ही दोन वेण्या उडवत माझ्या वर्गाच्या दारात जाऊन उभी, "बाई, शौर्यला ताप आहे." दर आठवड्याला! एका वर्षात मला इतक्या वेळा ताप आला की बाईंनी आईला बोलावून विचारलं, तुमच्या मुलाला मोठ्या दवाखान्यात दाखवलंत का? आणि तायडी बाजूला उभी, तोंड असं, पुतळ्यासारखं. खोटं बोलावं तर तिनं. मला नाही जमत. मी खोटं बोललो की माझा हात आपोआप कानाला जातो. तिला ते माहीत होतं... ते येईल पुढे.

तर तिला काय पाहिजे होतं? चित्रकलेची डिग्री. बस्स. बारावी झाली त्या वर्षी फॉर्म भरला, नाही लागलं. दुसऱ्या वर्षी भरला, नाही लागलं. मधल्या काळात ती गणपतीच्या कारखान्यात आखणी करायची. आखणी म्हणजे डोळे काढायचे. सोंड, पोट, पीतांबर कुणीही रंगवतं हो, पण डोळे तायडीकडे. कारखान्याचा मालक गुजराती, ती दारात दिसली की ओरडायचा, "संयोगिताबेन आवी गया! हवे बाप्पा जोशे!" म्हणजे आता बाप्पाला दिसायला लागणार! पाचशे-पाचशे गणपती आंधळे उभे असायचे, हिची वाट बघत. आणि हिला स्वतःला कुणी बघेना.

तिसऱ्या वर्षी आम्ही हार्दिकच्या दुकानात गेलो. तो विचारतो, "मोबाइल नंबर?" तायडीचा फोन पडून त्याची काच-काच झालेली. आता तुम्ही असता तर काय केलं असतं? फोन दुरुस्त करून दुसऱ्या दिवशी गेला असता. मी काय केलं? "माझा टाक ना!" विचार करायचा धंदाच नाही आपल्याकडे. टाकला त्याने माझा. तेव्हापासून मला मेसेज कोणते? "डियर संयोगिता, युअर फॉर्म इज रिसीव्ड." "डियर संयोगिता, प्लीज चेक युअर स्टेटस." वीस लिटरचा जग खांद्यावर, तिसरा मजला, लिफ्ट बंद, आणि खिशात टिंग! डियर संयोगिता! मी घरी येऊन तिला म्हणायचो, बघ बाई, तुझ्यापेक्षा मीच जास्त संयोगिता झालोय. ती म्हणायची, "मग परीक्षेलाही तूच बस ने!" आणि परीक्षा देऊन आली तेव्हा बोटांना रंग, नाकाला रंग, आणि आईला म्हणाली, आई, या वेळी हात थरथरला नाही.

मग लिस्टची वाट. कधी लागणार? मी गाडी वळवून खिडकीवर गेलो. आत चष्मेवाले साहेब, मान खाली. "साहेब, लिस्ट क्यारे?" मान वर न करता, "राह जुओ."

बघत होतो हो! बघत होतो, आणि तिला ताप आला.

साधा ताप. घरात कुणी घाबरलं का? मला एवढ्या वेळा ताप आलेला, मी काय मेलो? मी तर हसलो! म्हटलं, तायडे, माझ्या नावावर एवढे ताप काढलेस, एखादा तुझ्याकडे राहून गेला वाटतं. ती पण हसली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात. डेंग्यू. रोज रक्त काढायचे, रोज आकडा सांगायचे. डॉक्टर चांगले होते, उगाच कुणाला नावं कशाला ठेवू, तेही काय म्हणणार? "चोवीस तास राह जुओ." आई स्टुलावर, बाबा दारात, बाबांना दारात बसायचीच सवय. मी खालून शहाळी आणायचो, वर न्यायचो, ती प्यायची नाही, मी प्यायचो, परत खाली जायचो.

आणि त्या सगळ्यात, टिंग! "डियर संयोगिता, युअर स्टेटस इज वेटिंग, नंबर सेव्हन."

वेटिंग सात. पहिली लिस्ट लागली होती आणि तिचं नाव तिच्यात नव्हतं. मी जिन्यात उभा, हातात शहाळं. वर गेलो. ती डोळे मिटून पडलेली, ओठ सुकलेले, आणि विचारते काय? "लिस्ट आली का रे?"

मी म्हटलं, "नाही गं. सर्व्हर डाऊन आहे."

तिने एक डोळा उघडला. एकच. म्हणाली, "कान खाजवतोयस, शौऱ्या."

मी हात खाली केला. ती म्हणाली, "बरं. मग वाट बघू."

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी... झालं.

नाही, नाही, असे गप्प नका होऊ! तुम्ही गप्प झालात की मला पुढचं सांगता येत नाही. मजा तर पुढे आहे! दहावा!

विश्वामित्रीच्या काठावर दहावा. आमच्यात बायका घाटावर येत नाहीत, पण आई रिक्षात येऊन बसली, तिच्याबरोबर आत्या पण, त्यांना उतरा म्हणायची हिंमत कुणाची? डोकं माझं भादरलं. बाबांचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून सगळं मी केलं. पिंड मांडला. कडुनिंबावर कावळे बसलेले, एक-दोन नाही, चांगले सात-आठ. आणि एकही खाली येईना! दहा मिनिटं झाली, वीस झाली. पलीकडच्या काठावर एक मगर, एवढी मोठी, तोंड उघडं टाकून पडलेली, ती मात्र पिंडाकडे टक लावून बघतेय! मी म्हटलं, भटजी, मगर चालेल का? भटजी म्हणाले, "मगरीचं शास्त्रात नाही. वाट बघा." इथे पण!

मग भटजी म्हणतात, काहीतरी इच्छा राहिली असेल, बोला, शब्द द्या. झालं, सगळे सुरू! कुसुमावती आत्या पुढे, पदर खोचून, वर बघून, "अगं पोरी, तुझ्या आईची काळजी करू नकोस हो, मी तिला माझ्याकडे अकोट्याला नेईन!" आई मागून, "मी नाही जायची अकोट्याला." घ्या! कावळ्यांनी ऐकलं, कुणी हललं नाही. बाबा पुढे आले. "संयोगिता, मी तंबाखू सोडली." एका कावळ्याने सरळ पाठ फिरवली. त्याला पण माहीत! बाबांच्या खिशात पुडी होती! आत्या परत, "तुझ्या भावाचं लग्न चांगल्या घरात करून देऊ गं!" अहो, मी अठरा वर्षांचा, टकला, नाक वाहतंय, माझं लग्न! ऊन डोक्यावर, नवीन टक्कल, तव्यासारखं तापलेलं. आणि सगळे सगळं बोलत होते, आईचं, बाबांचं, माझं... ती बारा महिने, चोवीस तास जे बोलायची ते कुणीच बोलेना!

मग भटजींनी पिशवीतून गवत काढलं. म्हणजे दर्भ. म्हणाले, "असं झालं की दर्भाचा कावळा करायचा आणि पिंडाला लावायचा. सोय आहे." मला काय झालं कुणास ठाऊक. गवताचा? पाचशे गणपतींना डोळे देणाऱ्या माझ्या बहिणीला गवताचा कावळा? मी उठलो आणि ओरडलो, एवढ्या जोरात की मगर पाण्यात गेली! "तायडे! लिस्ट आली! तुझं लागलं! लागलं तुझं अ‍ॅडमिशन!"

आणि कावळा खाली आला.

आला हो! टुणकन! सरळ पिंडावर! बाबा रडायला लागले, आत्याने हात जोडले, भटजींनी गवत परत पिशवीत ठेवलं. आणि आई रिक्षातून उतरली, माझ्याजवळ आली, म्हणाली, "खरंच लागलं?" मी म्हटलं, "हो." आईने माझ्याकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे. हात कुठे होता? जिथे असायचा तिथे.

आत्याने पण बघितलं ना! मग काय विचारता, "अरे मेल्या! कावळ्याला फसवलंस? गेलेल्या माणसाला खोटा शब्द देतोस? आता ते खरं होईपर्यंत ती सुटायची नाही! ती लिस्टमध्येच अडकायची!" मी भटजींना विचारलं, असं असतं का? भटजी चपला घालत होते. म्हणाले, "वाट बघा, काय होतं ते."

आता माझी हालत समजून घ्या. जिवंत होती तेव्हा मला वाटायचं लागलं तर बरं. आता लागलंच पाहिजे! मेलेल्या माणसाच्या अ‍ॅडमिशनचं टेन्शन तुम्ही कधी घेतलंय? मी जग उचलताना वेटिंग सात, जेवताना वेटिंग सात. रोज खिडकीवर. आणि माझ्या डोक्यात काय काय यायचं, लाज वाटते सांगायला... पुढच्या सहा जणांना दुसरीकडे लागू दे. नाही तर त्यांची चित्रं भिजू दे. नाही तर त्यांचे बाप म्हणू दे, चित्रं काढून कुणाचं भलं झालंय, दुकानात बस! असा मी दुसऱ्यांच्या पोरांना शाप देत वासण्याचे जिने चढायचो. आणि घरी आई. आई काय करत होती माहितीये? कॉलेजला घालायला म्हणून तायडीने एक निळा ड्रेस शिवून ठेवला होता. आई रोज त्याला इस्त्री करायची. घडी करायची, ठेवायची, दुसऱ्या दिवशी परत काढायची. मी म्हटलं, आई, अगं चुरगळला कुठे आहे तो? तर म्हणते, "कधी बोलावतील सांगता येत नाही."

टिंग! "डियर संयोगिता, नंबर सिक्स." टिंग! "डियर संयोगिता, नंबर फोर." तिसरी टिंग वासण्यात, गिऱ्हाइकाच्या दारात. वाचता नाही आलं नीट, लांबलचक होतं, हार्दिककडे धावलो. त्याने वाचलं आणि खुर्चीवरून उठला. छेल्लो राउंड. शेवटचा. चार जागा उरल्यात, वेटिंगवाल्यांनी सकाळी अकराला हॉलमध्ये स्वतः हजर राहायचं, नंबराप्रमाणे नाव बोलणार, तीनदा बोलणार. तिन्ही वेळा उत्तर नाही आलं तर जागा पुढच्याला. चार जागा, आणि तायडीचा नंबर चौथा.

मी उडी मारली! दुकानात! टेबलावर मूठ मारली! लागलं ना! मग मला आठवलं. हार्दिक माझ्याकडे बघतोय, मी हार्दिककडे. तेव्हा मी त्याला विचारलं, यार, आता हा नंबर कुणाचा? तेव्हा तो म्हणाला, ऑप्शनज नथी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने तो निळा ड्रेस पिशवीत घालून माझ्या हातात दिला. बाबा म्हणाले, "हे कशाला?" आई म्हणाली, "असू दे." मग मला दारात थांबवून म्हणते, "नाव घेतलं की हो म्हण. म्हणावं येते आहे, रस्त्यात आहे. तिची जागा सोडू नकोस, शौर्य." आता मी काय बोलणार? मी तेच ठरवलं होतं! ओरडायचं, हाजर! पुढचं पुढे! पुढचं बघायचा धंदाच नाही आपल्याकडे.

हॉलमध्ये दोन-तीनशे पोरं, आया, बाप, गुंडाळलेले कागद, आणि एक मी, टकला, मांडीवर पिशवी. शेजारी एक मुलगी बसलेली, बरोबर तिचे आजोबा. मराठीच होती, वासण्याची, मोहना नाव. नखं खाऊन खाऊन बोटं लाल. मला म्हणते, "दादा, तुमचं कोण?" मी म्हटलं, बहीण. "कितवा नंबर?" चौथा. तिचा चेहरा असा उतरला, अहो, आकाशकंदिलातला दिवा काढावा तसा. म्हणाली, "माझा पाचवा." आजोबा म्हणाले, "असू दे गं, राह जोईए." मग जरा वेळाने ती हळूच विचारते, "तुमची ताई आली नाही अजून?" मी म्हटलं, नाही. "येणार ना पण?" मी पिशवीची गाठ सोडली, परत बांधली. ती म्हणाली, "येऊ दे हो. इतकी वाट बघितली असेल तिनं पण." मला सांगा, असं बोलायची काही गरज होती? शिव्या दिल्या असत्या मला तर मी हाजर म्हणून मोकळा झालो असतो!

स्टेजवर तेच, खिडकीतले चष्मेवाले साहेब. हातात माइक. पहिलं नाव, हाजर. दुसरं नाव, हाजर, त्याची आई रडली. तिसरं नाव, एक पोरगा धावत गेला, चप्पल राहिली मागे.

मग साहेबांनी चष्मा वर केला. "संयोगिता मल्हारराव शिर्के."

माइकवर! सगळ्या हॉलमध्ये! पंख्यांच्या वर, भिंतींना लागून परत आलं तिचं नाव. तीन वर्षं! तीन वर्षं ती हे ऐकायला बसली होती! मी वर बघितलं, खरं सांगतो, खिडकीत कावळा आहे का बघितलं. नव्हता. एसीचा डबा होता.

"संयोगिता मल्हारराव शिर्के. कोई छे?"

उठलो. पिशवी छातीशी. हाजर म्हणायला तोंड उघडलं. शेजारी मोहनाने डोळे घट्ट मिटून घेतलेले, हात आजोबांच्या हातात.

"त्रीजी वार. संयोगिता..."

गुजरातीत बोलायचं होतं हो, पण तोंडातून मराठीच आलं. म्हटलं, "सर, तिला ताप आहे."

आणि हात? हात कानाला गेला नाही. पिशवीवरच होता.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. तोंडाकडे नाही, डोक्याकडे. ते खसखशीएवढे केस. बघत राहिले. रोज खिडकीत मान खाली घालून बसणारा माणूस, पहिल्यांदा वर बघत होता. मग त्यांनी माइक बाजूला केला आणि हळू आवाजात म्हणाले, "कंई वांधो नहीं, भाई. राह जोईए. बे मिनिट." हरकत नाही, दोन मिनिटं थांबू तिच्यासाठी. आणि थांबले हो! खरंच थांबले! घड्याळ बघत. अख्खा हॉल थांबला, अडीचशे माणसं, कुणाला माहीत नाही कशासाठी, सगळे दाराकडे बघतायत, तायडीची वाट बघतायत. आयुष्यात तिच्यासाठी कुणी थांबलं नव्हतं. मी पण बघत होतो दाराकडे... मला काय वाटलं सांगू? वाटलं येईल. नाकाला रंग लावून.

मग मी म्हटलं, "साहेब, आता नका वाट बघू तिची. पुढचं नाव घ्या."